सुकटीच्या डब्यातलं औषध

पनवेल कोळीवाडा
९ जानेवारी २०२४

प्रिय माधू,

हे पत्र कालपासून लिहितेय. काल चार ओळी झाल्या आणि बोटांनी संप केला. अक्षर बघून तुला वाटेल कागदावरून कोंबडी नाचून गेली. कोंबडी नाही, तुझी थोरली बहीणच आहे. फोनवर बोलावं तर मला ऐकू येत नाही, कानातलं यंत्र नुसतं किरकिरतं. मोबाईलवर आलेलं आधी सून वाचते, मग मुलगा, आणि उरलंसुरलं मी. म्हणून आपलं पोस्टच बरं.

सांधे काही ऐकत नाहीत. सकाळी मूठ वळत नाही. अर्धा तास गरम पाण्यात हात धरले की मग कुठे कप उचलता येतो. परवा बाजारात सुरमई कापताना कोयता सुटला तो थेट गिऱ्हाइकाच्या पायाशी. बाई किंचाळली, माणसं जमली, आणि समीक्षानं माझ्यापुढची मासळी ओढून घेतली. "आई, तुम्ही नुसत्या बसा." चाळीस वर्षं ज्या ओट्यावर मी मासळी कापली तिथे आता मी शोभेची. सून वाईट नाही गं, पण त्या दिवशी घरी येऊन मी रडले.

उपाय सांगणाऱ्यांना ऊत आलाय. कोणी म्हणतं उपाशीपोटी लसूण खा, कोणी म्हणतं मेथी भिजवून खा, बर्फवाला काशिराम म्हणतो तांब्याचं कडं घाल. सगळं केलं. लसणीमुळे समीक्षा दोन हात लांब बसायला लागली आणि कड्यानं मनगट हिरवं झालं. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायच्या गोळ्या दिल्यात. त्या घेतल्या की दोन दिवस मळमळतं, पण प्रितेश समोर उभा राहून घ्यायला लावतो.

त्यातल्या त्यात साळूचा पाला बरा. साळू आठवते ना? आपट्याच्या कातकरवाडीतून येते, माझ्या ओट्याशेजारी खाली रानभाजी आणि खेकडे घेऊन बसते. दुपारी बाजार ओसरला की निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून माझ्या बोटांना बांधते. पैसे घेत नाही, फक्त मूठभर सुकट घेते. दुखणं जात नाही, पण बांधून होईपर्यंत माझा हात तिच्या हातात असतो, तेवढा वेळ बरं वाटतं.

भावोजींचा हात आता हलतो का? कळव.

तुझी ताई,
भामा


डहाणू
१९ जानेवारी २०२४

प्रिय ताई,

तुझं अक्षर बघितलं. शाळेत बाईंनी तुझी वही सगळ्या वर्गात फिरवली होती, आठवतं? ती ताई अशी लिहिते?

यांचं तसंच आहे. डावा हात हलत नाही, पायही नाही. मी घराबाहेर पडते ती फक्त शुक्रवारी, दोन तास, शेजारीण बसते म्हणून. इथे बायकांची एक बैठक असते. तिथल्या मॅडम सांधेदुखीची एक भुकटी देतात. शुद्ध नैसर्गिक, सगळी झाडपाल्याची, केमिकल कणभर नाही. चालता न येणाऱ्या बायका जिने चढायला लागल्यात, मी डोळ्यांनी बघितलंय. तुला पार्सलमध्ये दोन डब्या पाठवतेय, हिरव्या झाकणाच्या. रोज सकाळी एक चमचा कोमट पाण्यातून.

प्रितेशला मात्र सांगू नकोस, कोणालाच सांगू नकोस, तुला माझी शपथ. मागे तू आणलेलं ते तेल त्यानं मोरीत ओतलं होतं. डब्या सुकटीच्या डब्यात तळाशी ठेव. तुझी सून घाटावरची, ती वासानं त्या डब्याला हात लावत नाही हे तूच सांगितलं होतंस.

माझ्यावर विश्वास ठेव.

तुझी माधू


पनवेल
११ फेब्रुवारी २०२४

माधू, माझ्या बाय,

अक्षर बघितलंस? हे एका बैठकीत लिहितेय. मधे फक्त चहा घ्यायला उठले, आणि तो मीच केला!

चौथ्या दिवशी सकाळी उठले तर मूठ वळली. मला खरं वाटेना. दहा वेळा उघडली, दहा वेळा मिटली, अंथरुणात बसून एकटीच हसत होते. आठव्या दिवशी बाजारात समीक्षाच्या हातातून कोयता घेतला आणि पाच किलोची सुरमई कापली. अख्खा बाजार बघत होता. समीक्षा म्हणाली, "आई, डॉक्टरांच्या गोळ्यांचा गुण आला बघा." मी म्हटलं, "तर काय!" आता मळमळ कशाला सोसू? गोळी तोंडात धरते आणि प्रितेशची पाठ फिरली की मोरीत थुंकते. सासूबाईंना फसवायचे तेच डाव मुलावर खेळतेय.

भूकही लागते. गाल वर आलेत. साळू मात्र टक लावून बघत होती. "बाय, तुला पाला मी बांधला तवा नाय उतरली सूज, आन आता कशी गेली?" मी म्हटलं, तुझ्याच पाल्यानं. बिचारी खूश झाली. खोटं बोलल्याचं जरा वाईट वाटलं, पण तू शपथ घातली आहेस ना.

आणखी डब्या पाठव.

भामा


डहाणू
२ सप्टेंबर २०२४

प्रिय ताई,

सोबत सहा डब्या आहेत. मधे नुसत्या डब्याच पाठवत राहिले, पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. तुला एक गंमत सांगायची आहे.

तुझी दोन पत्रं मी बैठकीत नेली. जानेवारीचं आणि फेब्रुवारीचं. मॅडमनी दोन्ही प्लास्टिकमध्ये घालून घेतली. आता दर शुक्रवारी मी पुढे उभी राहते, एका हातात वाकडं अक्षर, दुसऱ्या हातात सरळ अक्षर, आणि सांगते, "ही माझी सख्खी बहीण. मधे फक्त एक महिना गेलाय." टाळ्या वाजतात, ताई. सातपाटी, चिंचणी, कुठून कुठून बायका येतात. पन्नासेक घरांत तुझ्या अक्षरामुळे भुकटी गेली. मॅडम मला खुर्ची देतात. चार वर्षं मी या घरात फक्त औषधं भरवली आणि चादरी बदलल्या. कोणी माझं नाव घेऊन हाक मारायचं नाही. आता मारतात.

एका बाईची साखर वाढली म्हणून ती ओरडत आली होती. तिचं खाणंच तसं. तू काळजी करू नकोस.

तुझी माधू


पनवेल
१८ मार्च २०२५

प्रिय माधू,

आज तुला मस्करीचं काही लिहायला सुचत नाही.

माझा चेहरा भाकरीसारखा गोल झालाय. सुरुवातीला लोक म्हणायचे भामा भरली, आता म्हणतात भामा सुजली. हातापायांची कातडी कागदासारखी झालीय. बर्फाची पेटी जरा लागली तरी निळा डाग उठतो आणि पंधरा दिवस जात नाही. साखर निघाली. भुकटी एक दिवस चुकली तर संध्याकाळी उठवत नाही, म्हणून आता दोन चमचे घेते. झाडपाल्याला असं असतं का गं? मी इतकी वर्षं साळूचा पाला बांधला, कधी चुकला तर नुसतं दुखायचं. उठवत नाही असं झालं नव्हतं.

साळूनं परवा माझा दंड धरून निळे डाग बघितले. म्हणाली, "बाय, तू कायतरी खातंस. मना सांग." मी म्हटलं, काही नाही खात. तिनं दंड सोडला. मग म्हणाली, "मी झाडाची साल देतू. एकवीस दीस काढा घे. पन त्येच्यासंगं दुसरा कुठला औशद नाय, आन सुकी मासळी नाय. हे पालशील तर देतू, नायतर नाय." तिच्या आईचं औषध आहे. तिनं ते आजवर घराबाहेर कोणाला दिलं नाही, मला देतेय.

मी हो म्हटलंय. पाडव्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू करणार. सुकटीचा डबा तसाही एकवीस दिवस उघडायचा नाही, म्हणजे भुकटीचा मोहही नको.

एकच विचारायचं आहे आणि ते नीट वाच. भुकटी मी एकदम सोडू का? की थोडी थोडी कमी करू? मॅडमना विचार आणि पाडव्याच्या आत कळव. मी उत्तराची वाट बघतेय.

भामा


डहाणू
२७ मार्च २०२५

ताई,

तुझं पत्र मिळालं. वाईट वाटलं. ज्या भुकटीनं तुझी मूठ वळली तिच्यावर संशय, आणि बाजारात खाली बसणाऱ्या बाईच्या सालीवर विश्वास. तुझ्या पत्रावर टाळ्या वाजवणाऱ्या बायकांना मी आता काय सांगू? साखर वयानं होते. गोल चेहरा तर आपल्या आईचाही होता.

तुला सोडायचीच असेल तर सोड. मी कोण अडवणार? मनात आलं तेव्हा सुरू केलीस, मनात येईल तेव्हा बंद कर.

यांना रात्रीपासून खोकला आहे. जास्त लिहीत नाही.

माधुरी


पनवेल
१४ एप्रिल २०२५

माधुरीमावशी,

मी समीक्षा. चार दिवसांत तुम्हाला कितीतरी फोन केले, तुम्ही उचलत नाही. मासळीचा टेम्पो आज डहाणूला जातोय, ड्रायव्हरला सांगितलंय की चिठ्ठी हातात दिल्याशिवाय परत यायचं नाही.

आई दवाखान्यात आहेत. साळूबाईचा काढा सुरू करून बारा दिवस झाले होते. आधीचे चार दिवस उलट्या होत होत्या, काही खात नव्हत्या, पण कोणाला सांगितलं नाही. शुक्रवारी ओट्यावर मांदेलीचे वाटे लावता लावता तिथेच कलंडल्या. रक्तदाब वर येत नाही. सलाईन लावलं की थोडा चढतो, परत उतरतो. डॉक्टर एकच विचारताहेत, या काय खात होत्या? डोळे उघडतात तेव्हा त्या आम्हाला ओळखतात, पण त्या काय बोलतात ते समजत नाही. कानातलं यंत्रही पडताना फुटलं.

आम्हाला काढाच माहीत आहे. प्रितेशनी त्याची बाटली नेऊन चौकीत तक्रार दिली. बाजारातल्या बायकांनी साळूबाईंची टोपली रस्त्यावर उपडी केली, त्यांना ढकलत बाहेर काढलं. मीही तिथे होते. मी थांबवलं नाही, मावशी. मला त्या वेळी त्यांचा रागच आला होता.

पण काल चौकीत त्यांनी सगळ्यांसमोर पिशवीतली साल काढली, तिथल्याच चहावाल्याकडे उकळून घेतली आणि दोन पेले प्यायल्या. म्हणाल्या, "मी रोज पितू. माजी पोर पितं. बायनं माज्यापासून कायतरी लपवलान. तिला इचारा." आज सकाळपासून त्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर बसल्यात. धड बसलेल्या आहेत, काही झालेलं नाही. उद्या त्यांना परत चौकीत बोलावलंय आणि प्रितेश म्हणतात की या वेळी तिला आत टाकूनच येणार.

आई तुम्हाला सगळं लिहायच्या. त्यांच्या पत्रांत काही आहे का? असेल तर आत्ताच्या आत्ता फोन करा.

समीक्षा


डहाणू
१५ एप्रिल २०२५

प्रिय समीक्षा,

काल तुझी चिठ्ठी वाचून फोन केला तेव्हा तोंडातून तीनच शब्द निघाले. सुकटीचा डबा. तळाशी. मग मी फोन ठेवला. तू पुढे काय केलंस, डॉक्टरांना डबी दाखवलीस का, ताईनं डोळे उघडले का, हे विचारायची हिंमत झाली नाही. म्हणून लिहितेय, आणि हे पत्र प्रितेशला वाचायला दे.

ती भुकटी मी पाठवली. सव्वा वर्ष पाठवतेय. तुमच्यापासून लपवायला मीच सांगितलं, कुठे लपवायची तेही मीच सांगितलं. साळूनं विचारल्यावर ताई खोटं बोलली तेही माझ्या शपथेमुळे.

पण एवढ्यावर माझी सुटका नाही. मार्चमध्ये ताईनं मला विचारलं होतं, एकदम सोडू का हळूहळू? मॅडमना विचारायची मला गरजच नव्हती. त्यांनी आम्हा वाटणाऱ्या बायकांना दिवाळीतच बाजूला घेऊन सांगितलं होतं, "कोणाला बंद करायची असेल तर एकदम करू देऊ नका. त्रास होतो, मग आपल्यावर येतं." मला तेव्हाच वाटलं होतं, पाल्याची पूड सोडताना कसला त्रास? वाटलं आणि मी ते गिळलं. ताईला खरं लिहिलं असतं तर माझ्या भुकटीत काहीतरी आहे हे मीच कबूल केलं असतं. मग माझी खुर्ची गेली असती. म्हणून मी फुगून बसले आणि लिहिलं, मनात येईल तेव्हा बंद कर.

हे वाक्य मी माझ्या बहिणीला लिहिलं. भांडणात लिहिलं असं म्हणायला मला आवडलं असतं, पण मी ते विचार करून लिहिलं.

तुझे फोन मला दिसत होते. पहिला फोन आला तेव्हाच मी समजले काय झालं असणार. चार दिवस मी फोन उशीखाली ठेवला.

साळूला सोडवा. तिच्या सालीत काही नाही. प्रितेशला म्हणावं, तक्रार करायची तर माझ्यावर कर.

माधुरी


पनवेल
२० जून २०२५

माधू,

हे पत्र सात दिवस लिहितेय. रोज तीन ओळी. पेनाला कापड गुंडाळून जाड केलंय, तरी बोटांतून निसटतं. अक्षर त्या जानेवारीतल्या पत्रापेक्षा वाईट आहे, मला माहीत आहे.

समीक्षानं तुझं पत्र वाचायला दिलं. मी घरी आल्यावर, मी मागितल्यावर दिलं. डबी बघितल्याबरोबर डॉक्टरांनी सुई दिली आणि संध्याकाळपर्यंत रक्तदाब धरला. भुकटी तपासायला पाठवली, स्टिरॉईड निघालं. डॉक्टरांनी मला पाटीवर लिहून समजावलं. अंगात जे आपसूक तयार होतं ते भुकटी वरून देत राहिली, म्हणून अंग ते बनवायचं विसरलं. मग मी एकदम सोडली आणि आत काहीच उरलं नाही. आता तेच औषध ते मला मोजून देतात आणि महिन्या-महिन्यानं कमी करतात. आठवड्याची ती गोळीही परत सुरू आहे. मळमळतं. गिळते.

साळूला दुसऱ्या दिवशी चौकीत बोलावलं होतं, तिथून लगेच सोडलं. प्रितेश आपट्याला जाऊन तिच्या पाया पडून आला. तिनं त्याला चहा दिला. पण ती बाजारात येत नाही. मागच्या आठवड्यात कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं, तेव्हा समीक्षा मला रिक्षात घालून वाडीवर घेऊन गेली. मी साळूला म्हटलं, मी तुला फसवलं. ती म्हणाली, "तू सांगितला असतास, तर मी साल दिलीच नसती. दुसरा औशद कुठला हाय ते बगून आमी देतो, नायतर नाय देत. मी तुला इचारला हुता, बाय." बस, एवढंच. मग तिनं पाला गरम केला आणि माझ्या बोटांना बांधला. मी सुकटीची पुडी पुढे केली तर तिनं घेतली नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा घेतली नाही.

तुझ्यावर मी रागावलेय. भुकटी पाठवलीस त्याचा राग नाही, ती तू मायेनं पाठवलीस. मी विचारलं आणि तुला उत्तर ठाऊक असून तू दिलं नाहीस, त्याचा राग आहे. तो जाईल की नाही मला माहीत नाही. मीही साळूला उत्तर दिलं नव्हतं, म्हणून तुला फार बोलायला माझी जीभ उचलत नाही.

आता माझं ऐक. तुझ्या त्या पत्रात सगळं होतं, पण त्या पन्नास घरांचं काय केलंस ते नव्हतं. माझं अक्षर बघून त्या बायकांनी भुकटी घेतली. येत्या शुक्रवारी बैठकीला जा. मॅडम खुर्ची देणार नाहीत, उभी राहा. माझी ती दोन पत्रं दाखवतेस ना? त्यांच्याशेजारी हे तिसरं धर. सांग, ही माझी तीच बहीण. कोणी हाकललं तर बाहेर रस्त्यावर उभी राहून दाखव. मग एकेकीच्या घरी जा.

आणि मी तुला जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्यांना दे. सांग, भीतीनं आजच भुकटी टाकून देऊ नका. एकदम सोडू नका. डबी घेऊन डॉक्टरकडे जा, ते सांगतील तशीच कमी करा.

हे सगळ्यांना सांगून झालं की पनवेलला ये. आपण दोघी आपट्याला जाऊ. साळूला पुडी तू दे, बघू घेते का.

ताई